रिसेप्शनचं जेवण टेम्पोतून आलं: डोंबिवलीतला आमचा 'पोच' केटरिंगचा अनुभव

लेकीचं लग्न फेब्रुवारीत झालं. नोंदणी पद्धतीने करायचं हे दोघांनी आधीच ठरवलं होतं. विशेष विवाह कायद्याची महिनाभराची नोटीस देऊन झाली, शुक्रवारी ठाण्याला तीन साक्षीदारांच्या सह्या झाल्या आणि दुसऱ्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी, आमच्या डोंबिवली पूर्वेच्या बिल्डिंगच्या गच्चीवर घरगुती रिसेप्शन ठेवलं. माणसं पंच्याण्णव. त्यातली चोवीस व्याह्यांकडची, अकोल्याहून आलेली. हॉल नको, स्टेज नको, ऑर्केस्ट्रा नको, पण जेवण मात्र आपलं, मराठी आणि पोटभर हवं, एवढीच लेकीची अट होती.

वाढपी, आचारी, काउंटर असा सगळा लवाजमा आणणाऱ्या केटररचा आकडा आला पानाला ६५० रुपये, आणि शंभर पानांच्या खाली तो ऑर्डरच घेत नाही म्हणाला. म्हणजे सरळ ६५ हजार. शिवाय त्याचे बारा लोक आमच्या गच्चीवर उभे राहिले असते. पंच्याण्णव पाहुणे आणि बारा वाढपी एवढी गच्ची मोठी नाही. तेव्हा हिने डोंबिवली पश्चिमेच्या एका ताईंचं नाव सुचवलं. पोळीभाजी केंद्रापासून सुरुवात करून आता त्या बारसं, डोहाळजेवण, साखरपुडा अशा ऑर्डरी घेतात. जेवण तयार करतात, भांड्यांत भरतात, टेम्पोने तुमच्या गेटवर पोचवतात आणि भांडी नंतर घेऊन जातात. त्यांच्याकडे याला 'पोच ऑर्डर' म्हणतात. पानाला ३१० रुपये, गोड सोडून. त्यांच्या एका चुकीबद्दलही पुढे लिहिणार आहे, म्हणून नाव देत नाही.

मी मध्य रेल्वेच्या माटुंगा वर्कशॉपच्या स्टोअर्समध्ये तेहतीस वर्षं काढली. माल किती मागवला, किती आला, किती लागला, हे लिहून ठेवायची सवय अंगात मुरलेली आहे. या जेवणाचाही हिशोब वहीत आहे आणि खालचे आकडे त्यातलेच आहेत. असा घाट घालणाऱ्या कुणाला उपयोग होईल म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट चवीची. आम्ही ताईंना म्हटलं, आधी थोडं चाखायला मिळेल का? त्या लगेच हो म्हणाल्या. रविवारी सकाळी त्यांचा मुलगा स्टीलचे चार डबे घेऊन आला. मसालेभात, भरली वांगी, अळूचं फदफदं आणि घडीच्या पोळ्या. मी पहिल्या डब्याच्या झाकणाला हात घातला तसा तो म्हणाला, "काका, आत्ता उघडू नका. आईने सांगितलंय, दोन तासांनी उघडा. त्या दिवशी तुमचे पाहुणे दोन तासांनीच जेवणार आहेत." मी चकितच झालो. आजवर ज्या ज्या केटररकडे चव घ्यायला गेलो, त्याने कढईतून काढून वाफाळतं वाढलं. ते कुणालाही चांगलंच लागतं. या बाईंनी स्वतःच्या जेवणाची परीक्षा सगळ्यात अवघड वेळेला ठेवली होती.

साडेअकराला डबे उघडले. मसालेभाताच्या डब्यात झाकणाखाली पातळ सुती फडकं चार पदरी घालून ठेवलं होतं. ते फडकं ओलं झालं होतं, भात मात्र मोकळा होता. वाफेचं पाणी झाकणाला लागून थेंब थेंब भातावर पडतं आणि वरचा थर गिच्च होतो, ते टाळायला ही युक्ती. तोंडली शिजून मऊ झाली होती, पण काप शाबूत होते. गोडा मसाला सकाळच्या मानाने उलट जास्तच मुरला असावा, कारण हिने पहिल्या घासालाच "काय मसाला आहे" म्हटलं. वांग्यांना तेल सुटलं होतं. अळू थोडं घट्ट झालं होतं, त्यात अर्धी वाटी गरम पाणी घालून हलवलं की झालं. पोळ्या फडक्यात गुंडाळून डब्यात, आणि त्यांच्यात मध्ये मध्ये ओलावा शोषायला कागद. मऊ होत्या. कडा मात्र किंचित कोरड्या. ही गोष्ट मी वहीत लिहून ठेवली आणि ताईंना फोनवर सांगितली. "तेल थोडं वाढवते काका, आणि तिंबून जास्त वेळ ठेवते," एवढंच त्या म्हणाल्या. रिसेप्शनच्या दिवशी कडा मऊ होत्या.

मेनू ठरवायला आम्ही दोघं त्यांच्याकडे गेलो. हिच्या यादीत बटाटेवडे होते, पुऱ्या होत्या, श्रीखंड होतं, जिलबी-मठ्ठा होता. ताईंनी यादी वाचली आणि पेन घेऊन बटाटेवडे खोडले. "मी करून देईन, पण सहाला भरलेला वडा तुम्ही साडेआठला खाल तेव्हा त्याचं आवरण ओल्या पुठ्ठ्यासारखं लागेल. लोक मला नाही, तुम्हाला नावं ठेवतील." मग पुऱ्या खोडल्या. बंद भांड्यात पुरी आधी मऊ पडते आणि गार झाली की वातड होते, हे ज्याने प्रवासात पुरी नेली आहे त्याला माहीत आहे. पुऱ्या गेल्या तसं श्रीखंडही गेलं. धंदा करणारं माणूस स्वतःहून ऑर्डर कमी करतं, हे मी फार थोड्या वेळा पाहिलं आहे. या सेवेला मी चांगलं म्हणतो त्याचं सगळ्यात मोठं कारण हेच. जेवण लांब न्यायचं असेल तर काय न्यायचं नाही, हे ज्याला कळतं आणि जो ते तोंडावर सांगतो, त्याच्याकडेच ऑर्डर द्यावी.

वड्यांच्या जागी त्यांनी सुरळीच्या वड्या सुचवल्या. त्या गरम असायची गरजच नसते. फोडणी, ओलं खोबरं आणि कोथिंबीर वेगळ्या डब्यात देते, वाढायच्या आधी वरून घाला म्हणाल्या. कोशिंबिरीचंही तसंच. काकडी-टोमॅटो चिरून एका डब्यात, दही दुसऱ्यात, दाण्याचं कूट आणि मीठ-साखर पुडीत. मीठ आधी घातलं तर काकडीला पाणी सुटतं आणि आठ वाजता ताटात कोशिंबिरीचं सार वाढावं लागतं. भाज्यांमध्ये भरली वांगी आणि डाळिंब्यांची उसळ. हिचं माहेर पेणचं, त्यामुळे सोललेल्या वालांशिवाय तिच्या लेखी शुभकार्य होत नाही. पाच किलो वाल मोड आणून सोलायचे म्हणजे काय काम असतं ते ज्यांच्या घरी डाळिंब्या होतात त्यांना सांगायला नको. ताईंच्या स्वयंपाकघरात सात बायका आदल्या दिवशी दुपारभर फक्त तेच करत बसल्या होत्या, असं नंतर कळलं. एकही साल ताटात आलं नाही.

जिलबीवर मात्र हिने हट्ट सोडला नाही आणि मीही तिच्या बाजूने होतो. मठ्ठ्याशेजारी जिलबी नाही तर मराठी लग्नाचं जेवण कसलं? ताईंचं म्हणणंही बरोबर होतं. गरम जिलबी डब्यात कोंडली की तासाभरात मान टाकते. शेवटी तोडगा निघाला तो असा. आमच्या गल्लीच्या तोंडाशी मिठाईवाला आहे, त्याला नऊ किलोची ऑर्डर दिली आणि सव्वासातला तळायला घे म्हटलं. दोन भाचे स्कूटरवर बांबूच्या उघड्या टोपल्यांत कागद घालून दोन खेपांत घेऊन आले. वरून फक्त जाळीचं फडकं. दुकान ते गच्ची सहा मिनिटं. साडेआठलाही जिलबी कुरकुरीत होती. किलोला ४०० रुपये पडले, म्हणजे ३,६०० रुपये. एकाच माणसाकडून सगळं घ्यायचा आग्रह धरू नये, हे त्या दिवशी पटलं.

कागदपत्रांचंही बोलतो. ताईंकडे एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी आहे आणि १४ आकडी नंबर बिलावर छापलेला आहे. २०२२च्या जानेवारीपासून तो बिलावर असावा लागतो. घरगुती म्हणून विचारायला संकोचू नका. ज्याच्याकडे आहे तो आनंदाने दाखवतो. पंच्याण्णव माणसांच्या पोटाचा प्रश्न असतो.

आता 'पोच' या शब्दाबद्दल. तो नीट समजून घ्यायला हवा. भांडी गेटवर उतरली की त्यांचं काम संपतं. तिथून पुढे गच्चीपर्यंत नेणं, टेबलावर मांडणं, गरम ठेवणं, वाढणं, कमी पडलं तर बघणं, खरकटं काढणं हे सगळं आपलं. बिलाच्या मागे हे स्पष्ट लिहिलेलं होतं, मी वाचलंही होतं. तरी खरं कळलं ते टेम्पो आल्यावर.

टेम्पो साडेसहाला यायचा होता. कोपर पुलावर शनिवारच्या संध्याकाळची गर्दी लागली आणि छोटा हत्ती गेटवर आला सात वाजून पाच मिनिटांनी. पाहुणे सातपासून यायला लागले होते. ताईंनी सहा वाजल्यापासून तीन वेळा फोन करून टेम्पो कुठे आहे ते कळवलं, त्यामुळे जीव टांगणीला लागला नाही. पण त्यांचं स्वयंपाकघर पश्चिमेला आणि आम्ही पूर्वेला. मध्ये रेल्वे. डोंबिवलीत पूर्व-पश्चिम करायचं असेल तर तासभर आधीची वेळ सांगावी. मी अर्धाच तास धरला होता.

आमची लिफ्ट सहाव्या मजल्यापर्यंत जाते. गच्चीला जायला वर एक जिना चढावा लागतो. ड्रायव्हरने भांडी उतरवून दिली, लिफ्टपर्यंत हात लावला आणि "काका, पुढची ऑर्डर आहे" म्हणून तो गेला. त्याचं बरोबर होतं. बिल्डिंगमधली चार तरुण पोरं धावून आली. मसालेभाताची दोन मध्यम पातेली, अळूचा गंज, वांग्यांचा टोप, डाळिंब्या, मठ्ठ्याचे नळवाले दोन कॅन, पोळ्यांचे तीन डबे, वड्यांचे ट्रे. जिन्याच्या पाचव्या-सहाव्या पायरीवर अळूचा गंज कलंडला. झाकण नुसतं ठेवलेलं होतं, दोरीने किंवा फडक्याने बांधलेलं नव्हतं. दोनेक लिटर फदफदं जिन्यावर. एका पोराच्या पायावर गरम रस उडाला. नशिबाने चटका किरकोळ होता, त्याला तिथेच नळाखाली पाय धरायला लावला. पाहुणे त्याच जिन्याने येणार होते. माझ्या मेव्हणीने चौथ्या मजल्यावरून बादली-फडकं मागवून दहा मिनिटांत पायऱ्या पुसून घेतल्या, पण तेलकट पायरी ही तेलकटच राहते. पुढचा तासभर एक भाचा तिथे उभा राहून प्रत्येकाला "जपून या" सांगत होता.

ही चूक स्वयंपाकघराची. पातळ पदार्थाचं झाकण बांधूनच पाठवायला हवं. मी रात्री फोनवर सांगितलं तेव्हा ताई एक शब्द उलटून बोलल्या नाहीत. भात आणि वांगी बांधली होती, अळू शेवटी भरलं आणि घाईत राहिलं, असं त्यांनी कबूल केलं, पोराच्या पायाची चौकशी केली आणि बिलातून ५०० रुपये मी न मागता कमी केले. पैशांपेक्षा मला ती चौकशी मोलाची वाटली. तरी चूक ती चूक. तुम्ही ऑर्डर द्याल तेव्हा झाकणं बांधून पाहिजेत हे आधी सांगा, आणि गेटवर भांडं हलवायच्या आधी स्वतः हात लावून बघा.

गरम ठेवायची गोष्ट मी सोपी समजलो होतो. ताईंनी चाफिंग डिश, म्हणजे खाली ज्योत ठेवून जेवण गरम ठेवायची भांडी, दिल्या होत्या, त्या ज्योतीसाठी जळणाच्या जेलचे डबे आम्ही आणायचे होते. बारा आणले, ६० रुपयांना एक. गच्चीवर वारा असतो हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही! आठ वाजता बघतो तर सहापैकी चार ज्योती विझलेल्या. परत पेटवल्या, परत विझल्या. मग मंडपवाल्याकडून घेतलेल्या टेबलांना तिन्ही बाजूंनी पुठ्ठे लावले. ते ज्योतीपासून हातभर लांब ठेवले आणि एका माणसाला तिथेच उभं केलं. तेव्हा कुठे जेल टिकलं. गरम अन्न ६० अंशांच्या वर राहायला हवं, असा नियम आहे. माझ्याकडे घरात तापमान बघायची सळई आहे, ती भातात घातली तर आठ वाजता ६४ होतं. जेल बंद पडूनही एवढं कसं? तर दुसरं पातेलं आम्ही उघडलंच नव्हतं आणि पहिलंही नुकतंच उघडलं होतं. फडकं, झाकण, वरून जाड सतरंजी अशा बंदोबस्तात भात ऊब धरून ठेवतो. एका मोठ्या पातेल्याऐवजी दोन मध्यम पातेली घ्या, हा ताईंचा सल्ला इथे कामी आला. एक संपल्याशिवाय दुसऱ्याचं झाकण काढायचं नाही, अशी मी सक्त ताकीद देऊन ठेवली होती. प्रत्येक पातेल्यावर कागद चिकटवून उघडल्याची वेळ लिहिली. पोरं हसली, पण रात्री उरलेल्याचं काय करायचं हे ठरवताना तोच कागद उपयोगी पडला.

वाढायला घरचेच उभे राहिले. पोळ्यांपाशी माझी बहीण, भाजीपाशी मेव्हणी आणि लेकीची मैत्रीण, भाताला धाकटा भाऊ, मठ्ठ्याला शेजारचे जोशीबुवा. या मंडळींनी कुणाला घ्या-घ्या म्हणून आग्रह करायचा, कुणाला "थोडा तरी भात-तूप घ्या" म्हणायचं, याला पगारी वाढप्याची सर येत नाही. व्याह्यांच्या आई ऐंशीच्या पुढच्या. त्यांना रांगेत उभं करणं बरं दिसत नव्हतं. बहिणीने त्यांच्यासाठी खुर्चीपुढे छोटं टेबल मांडलं, ताट वाढलं, मीठ-लिंबू-कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे, भाताची मूद आणि वर तूप, अगदी पंगतीत वाढतात तसं. आजींनी पहिला घास घेतला, डाळिंब्या बोटाने बाजूला करून नीट बघितल्या आणि विचारलं, "हे काय आहे बाई? आमच्याकडे असं नाही करत." बहिणीने वाल कसे मोड आणून सोलतात ते सांगितलं. आजींनी पुन्हा मागून घेतल्या. हिच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जो आनंद दिसला, तो नोंदणीच्या वेळीही मी पाहिला नव्हता.

पण एक गोष्ट आपल्यालाच सांभाळावी लागते. वाढणाऱ्या घरच्यांचं जेवण. साडेनऊपर्यंत बहीण उभीच होती. पगारी वाढपी नसले की कार्य असलेलं घरच राबतं. त्यामुळे दर अर्ध्या तासाने माणूस बदलायचा, अशी पाळी आधीच कागदावर लिहून ठेवा. आम्ही लिहिली नव्हती. बहिणीला शेवटी जिलबी मिळाली, पोळी मिळाली नाही.

कारण पोळ्या संपल्या. माणशी तीन धरून २८५ सांगितल्या होत्या. आमच्याकडची माणसं भाताची, दोन पोळ्या खाऊन भाताकडे वळणारी. व्याह्यांकडची मंडळी मात्र पोळी खाणारी, आणि भरली वांगी त्यांना फार आवडली. पावणेदहाला तिसरा डबा रिकामा झाला, अजून आठ-दहा जण जेवायचे होते. खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी आणि हिने घरात तवा चढवून तीस पोळ्या लाटल्या. घरची नवरीची आई, अंगावर पैठणी, आणि तव्यापुढे. व्याही संकोचून म्हणत होते, असू द्या, भात आहे ना. पण पाहुण्याने पोळी मागितली आणि नाही म्हणायचं, हे आमच्या घरात झालेलं नाही. हिशोब मी चुकलो होतो. पाहुणे कुठले आहेत आणि काय खाणारे आहेत, हे ताईंना सांगायला हवं होतं. त्यांनी विचारलंही होतं, "मंडळी कुठली?" मी "मुंबईकडचीच बहुतेक" म्हणून मोकळा झालो.

भात उलट उरला. आठ किलो तांदळाचा होता, त्यातला पावपेक्षा जरा कमी राहिला. दुसरं पातेलं नऊला उघडलेलं, कागदावर लिहिलेलं होतं. साडेदहाच्या आत वॉचमन, सफाईवाले, बिल्डिंगमध्ये कामाला येणाऱ्या दोन मावशी आणि शेजारची घरं यांना डब्यांत भरून दिला, आणि आजच संपवा असं सांगितलं. शिजलेला भात रात्रभर बाहेर ठेवून सकाळी फोडणीला टाकायची आपल्याकडे सवय आहे. एवढ्या मोठ्या पातेल्यातला, तीन-चार तास कोमट राहिलेला भात तसा वापरू नये. घरच्यासाठी ठेवला तो पसरट ताटात गार करून लगेच फ्रीजमध्ये गेला.

ताटांसाठी सुपारीच्या पानांच्या प्लेटा घेतल्या, १२० नग, ११ रुपयांना एक. थर्माकोल आणि प्लास्टिकच्या ताटांवर महाराष्ट्रात २०१८पासून बंदी आहे, तरी विकणारे अजून विकतात. सुपारीची प्लेट जड भाजीला वाकत नाही, अळूचा रसही सोसते. फक्त मोठ्या बघून घ्या, बारा इंची. दहा इंचीत मराठी जेवण मावत नाही, मठ्ठ्याचा पेला हातात धरावा लागतो. खरकट्यासाठी ओल्या-सुक्याचे वेगळे ड्रम ठेवले होते. दोन मावशींनी रात्री अकराला गच्ची धुऊन दिली, त्यांना प्रत्येकी हजार दिले. त्यांनी आमच्याबरोबरच खुर्चीत बसून जेवून मग कामाला हात लावला.

भांडी न्यायला त्यांचा टेम्पो रविवारी सकाळी नऊला आला. रात्रीच नेणार असं ठरलं होतं, पण रात्री अकरानंतर गेट बंद होतं, त्यामुळे आम्हीच सकाळी या म्हणालो. पातेली घासून द्यायची नसतात, फक्त विसळून. डिपॉझिटचे ५,००० रुपये लगेच परत मिळाले. एक झारा सापडत नव्हता, तो पुठ्ठ्यांच्या ढिगात निघाला.

खर्चाचं सांगतो. पंच्याण्णव पानं ३१०प्रमाणे २९,४५०. टेम्पो १,२००. जिलबी ३,६००. प्लेटा १,३२०. जेलचे डबे ७२०. वीस लिटरचे पाण्याचे सहा जार ४८०. मावशी २,०००. बेरीज ३८,७७०, त्यातून अळूचे ५०० वजा, ३८,२७०. माणशी ४०३ रुपये. पूर्ण केटररपेक्षा जवळपास २७ हजारांनी कमी. त्या २७ हजारांच्या बदल्यात आमच्या घरातल्या सात-आठ माणसांनी संध्याकाळभर काम केलं, हे विसरू नये. ज्यांच्या घरात अशी माणसं नाहीत किंवा सगळी वयस्क आहेत, त्यांनी ही वाट धरू नये, निदान चार वाढपी तरी वेगळे लावावेत. दीडशेच्या वर पाहुणे असतील तर मीही पूर्ण केटररच बघेन. शंभराच्या आत, गच्ची किंवा सोसायटीचा हॉल, हाताशी चार तरुण पोरं, आणि जेवण मुरणारं, असं असेल तर डोळे मिटून घ्या.

ताईंना मी पाचपैकी साडेचार देईन. अर्धा अळूच्या झाकणाचा गेला. टेम्पोच्या उशिराचा कापत नाही, पूल त्यांच्या हातात नाही.

एप्रिलमध्ये भाचीचं डोहाळजेवण आहे, साठ बायका, ऑर्डर त्यांनाच दिली आहे. यावेळी 'मंडळी कुठली' या प्रश्नाला मी नीट उत्तर दिलं. माणशी चार पोळ्या, तांदूळ साडेतीन किलो, अळूचं झाकण फडक्याने बांधून, आणि टेम्पो एक तास आधी.